किमान आणि कमाल यांचे बीजगणित

महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार आहेत. २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेच्या १६४व्या अनुच्छेदात असे बंधन घातले, की मुख्यमंत्र्यांसह मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या एकूण सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. २८८ चे १५ टक्के म्हणजे ४३.२. मंत्री अपूर्णांकात नेमता येत नाही, म्हणून महाराष्ट्रात जास्तीत जास्त ४३. गोव्याच्या विधानसभेत ४० आमदार आहेत. त्यांचे १५ टक्के होतात ६. तरीही गोव्यात १२ मंत्री असू शकतात, कारण त्याच अनुच्छेदात पुढे परंतुक आहे, की ही संख्या १२ पेक्षा कमी असू नये. नुसत्या आकड्यांकडे पाहिले तर गोव्याची अडचण गंभीर आहे. सहाच्या वर जायचे नाही आणि बाराच्या खालीही यायचे नाही, या दोन्ही अटी पाळणारी संख्याच नाही. परंतुक मूळ नियमावर मात करते म्हणून मार्ग निघतो. हे परंतुक कुठल्या राज्यांना लागू पडेल हेही एका ओळीत काढता येते. सदस्यसंख्येच्या १५ टक्के जर १२ पेक्षा कमी भरत असतील, तर सदस्यसंख्या ८० पेक्षा कमी असली पाहिजे. ६८ जागांचा हिमाचल प्रदेश आणि ७० जागांचे उत्तराखंड या रेषेच्या खाली येतात. ९० जागांचे हरियाणा वर येते. पण तिथे १५ टक्के म्हणजे १३.५, आणि १४ मंत्री नेमण्याला उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. ‘जास्त असू नये’ या शब्दांपुढे साडेतेराचे पूर्णांकात रूपांतर १३ होते की १४, यावर मंत्रिपद अवलंबून राहिले.

या सगळ्या हिशेबात बरोबरचे चिन्ह मुख्य नाही. मुख्य आहे ‘पेक्षा जास्त नाही’ आणि ‘पेक्षा कमी नाही’ हा संबंध, ज्याला गणितात असमता म्हणतात. माझे म्हणणे असे, की रोजच्या जगण्यातले बहुतेक खरे प्रश्न असमतेचे असतात आणि शाळा मात्र दहावीपर्यंत आपल्याला जवळजवळ फक्त समीकरणे शिकवते. बीजगणिताचा व्यवहारात काही उपयोग झाला नाही, असे मोठेपणी सांगणारी माणसे खोटे बोलत नाहीत. त्यांना बीजगणिताचा जो भाग शिकवला गेला, तो व्यवहारात क्वचितच भेटतो. वडिलांचे आजचे वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे आणि दहा वर्षांनी ते दुप्पट होईल, तर वये काढा, असा प्रश्न कोणाच्याही घरात कधी उभा राहत नाही. वय जन्मतारखेवरून कळते. उलट मतदार म्हणून नाव नोंदवायला किमान १८ वर्षे, परीक्षेला बसायला किमान ७५ टक्के उपस्थिती, लिफ्टमध्ये कमाल ८ व्यक्ती किंवा ५४४ किलो, अशा अटी पावलोपावली भेटतात. लिफ्टमधल्या पाटीवर तर दोन असमता शेजारी शेजारी लिहिलेल्या असतात. माणशी ६८ किलो धरून ८ माणसांचे ५४४ किलो होतात, म्हणून त्या सहसा एकत्र पाळल्या जातात. पण सहा धिप्पाड माणसे सामानासह आत शिरली तर पहिली अट पाळूनही दुसरी मोडू शकते.

समीकरणाला मिळालेला मान काही अंशी इतिहासातून आलेला दिसतो. बरोबरचे चिन्ह वेल्समध्ये जन्मलेल्या रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली छापील पुस्तकात आणले. लहानमोठेपणाची, टोक एका बाजूला असलेली चिन्हे छापून यायला १६३१ साल उजाडले. ती इंग्लंडच्या थॉमस हॅरियट यांच्या ग्रंथात आली, आणि तेव्हा हॅरियट यांना जाऊन दहा वर्षे झाली होती. ‘मोठे किंवा बरोबर’, ‘लहान किंवा बरोबर’ अशी जोडचिन्हे फ्रान्सच्या प्येर बूगेर यांनी वापरली ती १७३४ मध्ये. म्हणजे व्यवहारात ज्या संबंधाची सर्वाधिक गरज पडते, त्याला स्वतःचे चिन्ह मिळायला समीकरणानंतर पावणेदोनशे वर्षे गेली. कल्पना मात्र फार जुनी होती. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने वर्तुळाच्या आत आणि बाहेर ९६ बाजूंच्या आकृत्या कल्पून सिद्ध केले, की परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर ३ पूर्णांक १० भागिले ७१ पेक्षा मोठे आणि ३ पूर्णांक १ भागिले ७ पेक्षा लहान आहे. यातली वरची मर्यादा म्हणजे आपल्या शाळेतले २२ भागिले ७. आर्किमिडीजने ती ‘यापेक्षा कमी’ म्हणून दिली होती; आपण ती ‘बरोबर’ म्हणून पाठ करतो. असमतेचे उत्तर मोघम असते, नेमका आकडा देत नाही, असा आक्षेप अनेकदा घेतला जातो. त्याला हे उदाहरण पुरेसे उत्तर आहे असे मला वाटते. २२ भागिले ७ हा एकच आकडा दिसायला नेमका, पण चुकीचा. आर्किमिडीजची दोन टोकांमधली जागा दिसायला मोघम, पण पूर्ण खरी.

आता शाब्दिक उदाहरण असमतेने कसे सुटते ते नीट पाहू, कारण खरी मेहनत चिन्हे हलवण्यात नसून वाक्य चिन्हात आणण्यात आहे. एका शाळेचे वर्षात १८० कामाचे दिवस आहेत असे समजा. त्यांपैकी १२० दिवस झाले. आजारपणामुळे एका विद्यार्थिनीची हजेरी ८० दिवसच लागली आहे. परीक्षेला बसायला ७५ टक्के उपस्थिती हवी, तर पुढच्या दिवसांत तिला किती हजेरी लावावी लागेल? पुढे ती क्ष दिवस येणार असे धरू. एकूण हजेरी ८० + क्ष. १८० चे ७५ टक्के म्हणजे १३५. म्हणून ८० + क्ष ≥ १३५, म्हणजेच क्ष ≥ ५५. पण प्रश्न इथे संपत नाही. दिवसच ६० उरले आहेत, म्हणून क्ष ≤ ६०. आणि हजेरी पूर्ण दिवसांची, म्हणून क्ष हा पूर्णांक. तेव्हा उत्तर ५५ ते ६० मधला कोणताही पूर्णांक. शेवटच्या या दोन अटी प्रश्नात कोणी लिहिलेल्या नव्हत्या. त्या परिस्थितीतून आल्या. शाब्दिक उदाहरण सोडवणाऱ्याची पारख इथेच होते, आणि या अटी शोधण्याची सवय समीकरणांवर वाढलेल्या विद्यार्थ्याला सहसा नसते, कारण समीकरणाचे उत्तर आले की तो थांबतो.

हेच उदाहरण दुसऱ्या अंगाने मांडले तर असमतेचा तो एक नियम आपोआप समजतो, ज्याची विद्यार्थ्यांना धास्ती असते. ऋण संख्येने गुणले किंवा भागले की चिन्ह उलटते, हा तो नियम. विद्यार्थिनीच्या घरचे विचारतात, आता ती आणखी किती दिवस गैरहजर राहिलेली चालेल? तिच्या ४० गैरहजेऱ्या झाल्या आहेत; पुढे य दिवस आणखी होणार असे धरू. मग हजेरी १४० − य, आणि अट १४० − य ≥ १३५. दोन्ही बाजूंतून १४० वजा केले की − य ≥ − ५. आता वजाचे चिन्ह काढायचे तर य ≤ ५. चिन्ह उलटले, आणि ते उलटायलाच हवे होते: साठपैकी किमान ५५ दिवस येणे आणि कमाल ५ दिवस न येणे ही एकच गोष्ट आहे. हजेरी वाढते तशी गैरहजेरी घटते, म्हणून एकीचे ‘किमान’ हे दुसरीचे ‘कमाल’ होते. फळ्यावर नियम म्हणून लिहून दिला की तो पाठ करावा लागतो. प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला तर पाठ करण्यासारखे काही उरत नाही.

‘पेक्षा जास्त’ आणि ‘पेक्षा कमी नाही’ यांत बारीक भेद आहे आणि तो किती महाग पडू शकतो हे विधानसभेतच दिसते. सभागृहात २८८ जण हजर असताना बहुमताला निम्म्याहून अधिक मते हवीत. क्षची दुप्पट २८८ पेक्षा मोठी हवी, म्हणून क्ष > १४४, म्हणजे १४५. इथे १४४ चालत नाहीत, कारण बरोबरी म्हणजे बहुमत नव्हे. घटनेच्या दहाव्या परिशिष्टात पक्षाच्या विलीनीकरणासाठी मात्र विधिमंडळ पक्षाच्या दोन तृतीयांशांपेक्षा कमी नाहीत इतक्या सदस्यांची संमती लागते. तिथे बरोबरी चालते. ५४ जणांच्या पक्षात नेमके ३६ पुरतात. ५५ जण असतील तर दोन तृतीयांश होतात ३६.६७, आणि ३६ जण त्याहून कमी पडतात, म्हणून ३७ लागतात. २०२२ च्या जूनमध्ये, शिवसेनेच्या आमदारांत फूट पडली तेव्हा, हा ३७ चा आकडा महाराष्ट्रात घरोघरी बोलला जात होता. मंत्र्यांच्या संख्येत ४३.२ चे ४३ झाले, इथे ३६.६७ चे ३७ झाले. अपूर्णांक अर्ध्याच्या अलीकडे की पलीकडे, हे पाहून इथे पूर्णांक ठरत नाही. ३६.१ असते तरी ३७ च लागले असते, आणि ४३.९ असते तरी ४३ च. कमाल मर्यादेत खाली यायचे आणि किमान मर्यादेत वर जायचे, एवढे असमतेचे चिन्ह सांगते. अपूर्णांकाचे पूर्णांकात रूपांतर करण्याचा शाळेतला सरधोपट नियम इथे लावला तर निर्णय चुकतो.

इथे एक आक्षेप येईल. बाजारात, शेतात, घरात माणसे असे हिशेब तोंडीच करतात. किमान-कमाल सगळ्यांना कळते. त्यासाठी क्ष कशाला? एकाच अटीचा प्रश्न असेल तर हा आक्षेप मला मान्य आहे. पाचशेच्या नोटेत साठ रुपयांच्या किती वह्या येतील, यासाठी कोणी असमता मांडू नये. पण ज्या राशीची मर्यादा पाहायची ती राशीच बदलत जाते, तेव्हा तोंडी अंदाज फसतो. प्राप्तिकर हे याचे आजचे चांगले उदाहरण आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. भांडवली नफ्यासारखे विशेष दराचे उत्पन्न यातून वेगळे. सवलत नसती तर १२ लाखांवर टप्प्यांप्रमाणे कर किती झाला असता? पहिल्या ४ लाखांवर काही नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के म्हणजे २० हजार, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के म्हणजे ४० हजार; एकूण ६० हजार. १२ लाखांच्या पुढे १५ टक्के. आता ज्याचे करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार झाले त्याची सवलत गेली, तर त्याला ६० हजार अधिक दीड हजार, असा साडेएकसष्ट हजार कर बसेल. दहा हजार जास्त मिळवल्याबद्दल साडेएकसष्ट हजार गेले, म्हणजे हाती आधीपेक्षा साडेएक्कावन्न हजार कमी राहिले.

मग उत्पन्न किती वाढले म्हणजे नुकसान थांबेल? अनेक जण म्हणतील, ६० हजारांनी; तेवढ्याने कर भरून निघेल. हे उत्तर चूक आहे, कारण त्या वाढीव ६० हजारांवरही १५ टक्के कर आहे. १२ लाखांवरची वाढ क्ष धरली तर कर ६०,००० + ०.१५ क्ष. वाढीचा फायदा व्हायचा तर क्ष > ६०,००० + ०.१५ क्ष. म्हणजे ०.८५ क्ष > ६०,०००, म्हणजे क्ष हा सुमारे ७०,५८८ पेक्षा मोठा. कायद्याने ही अडचण ओळखून वेगळी तरतूद केली आहे: १२ लाखांवर जितके उत्पन्न जास्त, त्यापेक्षा जास्त कर घ्यायचा नाही. या तरतुदीमुळे नुकसान टळते, पण १२ लाख ते सुमारे १२ लाख ७० हजार ५८८ या पट्ट्यात वाढलेला प्रत्येक रुपया करात जातो आणि हाती १२ लाखच उरतात. करावरचा उपकर मी इथे सोयीसाठी बाजूला ठेवला आहे. या पट्ट्यातल्या माणसाला पगारवाढीचा, जादा कामाचा किंवा एखाद्या छोट्या व्यवसायाचा निर्णय घ्यायचा असेल तर हा हिशेब त्याच्या खऱ्या उपयोगाचा आहे. तो तोंडी होत नाही, कारण क्ष असमतेच्या दोन्ही बाजूंना आहे. दोन्ही बाजूंना असलेली राशी एका बाजूला आणणे हेच तर बीजगणिताचे मूळ काम.

अटी दोन किंवा अधिक झाल्या की असमतेचे खरे बळ दिसू लागते. एका कोरडवाहू शेतकऱ्याकडे ५ एकर जमीन आणि हंगामासाठी १ लाख २० हजारांचे भांडवल आहे असे समजू. सोयाबीनला एकरी २० हजार खर्च आणि खर्च वजा जाता १५ हजार नफा. कापसाला एकरी ३० हजार खर्च आणि २० हजार नफा. हे आकडे पद्धत समजण्यापुरते घेतलेले आहेत. सोयाबीनचे एकर क्ष आणि कापसाचे य धरले तर जमिनीची अट क्ष + य ≤ ५. भांडवलाची अट २०क्ष + ३०य ≤ १२०, म्हणजे २क्ष + ३य ≤ १२. दोन्ही राशी शून्यापेक्षा कमी असू शकत नाहीत. आलेखाच्या कागदावर या दोन रेषा काढल्या, की अटी पाळणाऱ्या सगळ्या पेरण्या एका चौकोनी तुकड्यात येतात. त्याचे एक टोक म्हणजे काहीच न पेरणे. दुसरे टोक पाचही एकर सोयाबीन: नफा ७५ हजार, पण २० हजार भांडवल पडून राहते. तिसरे टोक चार एकर कापूस: नफा ८० हजार, पण एक एकर पडीक. चौथे टोक दोन्ही रेषा छेदतात तिथे, ३ एकर सोयाबीन आणि २ एकर कापूस: नफा ८५ हजार. एकरी नफा कापसात जास्त म्हणून सगळा कापूस, हा अंदाज इथे पाच हजारांनी चुकतो. उत्तर टोकावरच का सापडते, हेही सरळ आहे. तुकड्याच्या मध्ये कुठेही उभे राहिलो तरी नफा वाढणारी दिशा असतेच. त्या दिशेने निघालो की एखादी रेषा अडवते. मग त्या रेषेने नफा वाढेल तिकडे सरकत गेलो की शेवटी टोक येते. म्हणून असंख्य पेरण्यांऐवजी चार टोके तपासली की पुरते.

या मांडणीतून एक जास्तीची माहिती हाती लागते, जी साध्या बेरीज-वजाबाकीत दिसत नाही. भांडवल १० हजारांनी वाढले तर काय होईल? दुसरी अट २क्ष + ३य ≤ १३ होते, छेदबिंदू २ एकर सोयाबीन आणि ३ एकर कापूस असा सरकतो आणि नफा ९० हजार होतो. म्हणजे जादा १० हजार फिटून वर ५ हजार देतात. तेव्हा या शेतकऱ्याने १० हजारांचे कर्ज काढावे की नाही, याचे उत्तर पुन्हा असमतेतच आहे: हंगामाचे व्याज ५ हजारांपेक्षा कमी असेल तर काढावे. सावकार दरमहा शेकडा ५ ने देत असेल, तर दहा महिन्यांत व्याजच ५ हजार होते आणि सगळी जोखीम शेतकऱ्याच्या माथी राहून हाती काही उरत नाही. बँकेचे पीककर्ज मिळाले तर तेच दहा हजार फायद्याचे ठरतात. कर्ज चांगले की वाईट हा वाद आपल्याकडे नीतीच्या भाषेत चालतो. पैसे कोणत्या मर्यादेला अडले आहेत हे पाहिल्याशिवाय तो सुटणार नाही, असे मला वाटते.

अनेक असमता एकत्र मांडून सर्वांत चांगला मार्ग काढण्याच्या या शाखेला लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणतात, आणि ती खऱ्या गरजांतून वाढली. सोव्हिएत रशियात लिओनिद कांतोरोविच यांच्याकडे प्लायवूडच्या कारखान्याचा प्रश्न आला: वेगवेगळ्या यंत्रांना कामे कशी वाटावीत म्हणजे उत्पादन सर्वाधिक होईल. त्यातून त्यांनी १९३९ मध्ये उत्पादन-नियोजनाची गणिती पद्धत प्रसिद्ध केली. १९७५ मध्ये त्यांना त्यालिंग कूपमन्स यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. अमेरिकेत जॉर्ज स्टिगलर यांनी १९४५ मध्ये आहाराचा प्रश्न मांडला. ७७ खाद्यपदार्थ, ९ पोषक घटक, प्रत्येक घटक ठरावीक प्रमाणापेक्षा कमी नको. तर वर्षाचा सर्वांत स्वस्त आहार कोणता? स्टिगलर यांनी कसबी अंदाजाने १९३९ च्या दरांनी वर्षाला ३९.९३ डॉलर खर्चाचा आहार काढला. त्यात गव्हाचे पीठ, आटवलेले दूध, कोबी, पालक आणि वाळवलेल्या घेवड्याच्या बिया एवढेच होते. १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिग यांनी असमतांच्या टोकांवरून पद्धतशीर सरकण्याची सिंप्लेक्स रीत काढली, आणि पहिल्या मोठ्या चाचणीसाठी हाच प्रश्न घेतला गेला. हाताने चालवायच्या यंत्रांवर हिशेबनीसांचे मिळून १२० दिवसांचे काम झाले. उत्तर आले ३९.६९ डॉलर. स्टिगलर यांचा अंदाज अवघ्या २४ सेंटांनी जास्त होता.

या निकालाचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो, आणि तो प्रामाणिकपणे लावला पाहिजे. तज्ज्ञाचा अंदाज इतका जवळ जात असेल तर इतक्या हिशेबाची गरज काय, असे कोणी म्हणू शकेल. अंदाज जवळचा होता हे खरे. पण तो जवळचा आहे हे कळले कशावरून? १२० दिवसांच्या हिशेबावरून. स्टिगलर यांना स्वतःला याहून स्वस्त आहार नाही असे सांगता येत नव्हते. असमतांची रीत चांगले उत्तर देते आणि त्याहून चांगले नाही याची खात्रीही देते. पुढे या पद्धतीला वेग देणाऱ्यांत मराठी कुटुंबातले नरेंद्र करमरकर आहेत. ग्वाल्हेरला जन्मलेले आणि मुंबईच्या आयआयटीत शिकलेले करमरकर बेल लॅबमध्ये असताना १९८४ मध्ये त्यांनी नवी रीत प्रसिद्ध केली, जी टोकांवरून न सरकता तुकड्याच्या आतून उत्तराकडे जाते. प्रश्न फार मोठा असला तरी हिशेबाचा वेळ आवाक्यात राहील याची त्या रीतीत सैद्धांतिक हमी आहे. तशी हमी १९७९ मध्ये लिओनिद खाचियान यांच्या रीतीनेही दिली होती, पण ती प्रत्यक्ष वापरात मंद ठरली होती.

सर्वांत गंभीर आक्षेप असा, की माणसाचे जगणे आकड्यांच्या अटींत मावत नाही. स्टिगलरचा आहार कोणी वर्षभर खाणार नाही, आणि तो कोणी खावा असे त्यांचेही म्हणणे नव्हते. डँट्झिग यांनी पुढे स्वतःचे वजन कमी करण्यासाठी संगणकाकडून आहार काढून घेतला, तेव्हा पहिल्या उत्तरात ५०० गॅलन व्हिनेगर आले, म्हणजे सुमारे १,९०० लीटर. व्हिनेगर यादीतून काढल्यावर सूपच्या खारट वड्या दिवसाला २०० आल्या. तेव्हा लक्षात आले, की प्रत्येक घटक ‘किमान’ किती हवा एवढे लिहून भागत नाही. प्रत्येक पदार्थ ‘कमाल’ किती चालेल हेही लिहावे लागते. मला यात पद्धतीचा पराभव दिसत नाही. माणसाने जी अट गृहीत धरली पण बोलून दाखवली नाही, ती हिशेबाने उघड केली. रेशनचे धान्य, शालेय पोषण आहार, पाण्याचे आवर्तन, बसच्या फेऱ्या अशा सार्वजनिक निर्णयांत तर हे फार मोलाचे आहे. कोणती अट लिहिली आणि कोणती गाळली, हे असमतांच्या यादीत सर्वांना वाचता येते आणि त्यावर वाद घालता येतो. अधिकाऱ्याच्या मनातल्या अंदाजावर असा वाद घालता येत नाही.

आणि आकडेच खात्रीचे नसतील तर? कापसाला भाव काय मिळेल, पाऊस किती पडेल, बोंडअळी येईल का, हे जूनमध्ये कोणालाच ठाऊक नसते. मग एकरी २० हजार नफा धरून केलेला हिशेब काय कामाचा? या प्रश्नाचे उत्तरही असमतेनेच द्यावे लागते. कापसाचा एकरी नफा २० हजार न धरता न हजार धरू. ३ एकर सोयाबीन आणि २ एकर कापूस हा बेत ४५ + २न हजार देतो. सगळे सोयाबीन ७५ हजार देते, सगळा कापूस ४न हजार. आपला बेत सोयाबीनला हरू नये म्हणून ४५ + २न ≥ ७५, म्हणजे न ≥ १५. कापसाला हरू नये म्हणून ४५ + २न ≥ ४न, म्हणजे न ≤ २२.५. तेव्हा कापसाचा नफा एकरी १५ हजार ते साडेबावीस हजार यांत कुठेही राहिला, तरी पेरणीचा बेत बदलायची गरज नाही. शेतकऱ्याला नेमका भाव माहीत असण्याची आवश्यकताच राहिली नाही. नफा या दोन टोकांच्या आत राहील की नाही एवढाच अंदाज त्याला करायचा आहे, आणि असा अंदाज अनुभवी माणूस करू शकतो. नफा पंधरा हजारांच्या खाली जाण्याची भीती असेल तर कापूस सोडावा. साडेबावीसच्या वर जाईल असा भरवसा असेल तर एक एकर पडीक ठेवूनही कापूसच लावावा.

यातले काहीही दहावीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर नाही. महाराष्ट्र मंडळाच्या दहावीच्या बीजगणिताचे पहिलेच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आहे. विद्यार्थी क्ष + य = ५ ची रेषा आलेखावर काढतो, दुसरी रेषा काढतो, छेदबिंदू वाचतो आणि उत्तर लिहितो. असमता आणि लिनिअर प्रोग्रॅमिंग यांची भेट पुढे अकरावी-बारावीत होते, तीही गणित घेणाऱ्यांनाच. कला शाखेकडे किंवा आयटीआयकडे वळलेला, शेती वा दुकान सांभाळणारा, दहावीनंतर गणित सोडलेला प्रत्येक जण तिच्यापासून वंचित राहतो, आणि पेरणीचे, कर्जाचे, करांचे निर्णय पुढे त्यालाही घ्यायचे असतात. अभ्यासक्रम वाढवू नका, मुलांवर आधीच ओझे आहे, असे शिक्षक म्हणतील. ते ओझे खरे आहे. पण इथे नवे प्रकरण लागत नाही. वयांची आणि दोन अंकी संख्यांची चार-दोन उदाहरणे कमी करून त्याच आलेखावर एक प्रश्न जास्त विचारावा लागेल: रेषेच्या कोणत्या बाजूला अट पाळली जाते? (०, ०) हा बिंदू घालून पाहिला की बाजू कळते, पेन्सिलीने ती बाजू छायांकित करता येते, आणि दोन्ही छाया जिथे एकमेकींवर येतात ती जागा डोळ्यांना दिसते.